ज्योतीच्या नावातला 'एच' : ज्यांच्या सहीने कागद निघतो, त्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
तसेच सर्व तालुक्यांचे तहसीलदार, माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, महाविद्यालयांचे प्राचार्य आणि बँकांचे शाखाधिकारी यांस

विषय : परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी आपल्याकडून निघणारे कागद

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड या पट्ट्यातून जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, कॅनडाला शिकायला निघालेल्या मुलांच्या फायली पाठवण्याआधी तपासून देण्याचे काम आम्ही करतो. व्हिसा नाकारला गेला की घरात पहिला संशय पोराच्या इंग्रजीवर जातो आणि दुसरा पैशावर. फाईल उघडून बसले की पुन्हा पुन्हा दिसते ते वेगळेच. इंग्रजी बरे असते, पैसेही असतात, पण एका कागदावरचा माणूस दुसऱ्या कागदावर ओळखू येत नाही. हे कागद लंडनला किंवा बर्लिनला तयार झालेले नसतात. ते महसूल खात्याच्या नाडकचेरीत, शाळेच्या ऑफिसात, बँकेच्या काउंटरवर तयार झालेले असतात. म्हणून हे पत्र दूतावासांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

एक खुलासा आधीच केलेला बरा. हा भाषावादातला अर्ज नव्हे. दाखला कन्नडमध्ये निघतो तर निघू दे. आमचे मागणे त्या दाखल्यावरच्या, किंवा त्याच्या भाषांतरातल्या, इंग्रजी ओळीपुरते आहे.

समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावची ज्योती मारुती पाटील. नाव नमुन्यादाखल घेतले आहे. जन्माची नोंद कन्नडमध्ये, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण नोंद बारशाआधी झाली आणि नंतर नाव घालायला कोणी फिरकले नाही. शाळा मराठी माध्यमाची, शाळेच्या दाखल-नोंदीच्या जनरल रजिस्टरात 'ज्योती' देवनागरीत. दहावीचा नॉमिनल रोल, म्हणजे परीक्षेला बसणाऱ्यांची यादी, भरताना ते इंग्रजीत टाइप झाले तेव्हा टीच्या मागे एच लागला. पुढे आधार काढला तो बिनएचचा. पदवीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे आले आणि वडिलांच्या नावाचा नुसता 'एम' उरला. पासपोर्ट आधारावर बेतून निघाला. मुलगी एक, कागदोपत्री चार.

यात चूक कुणाचीच नाही, हेच अवघड आहे. कन्नड वळणाने इंग्रजी लिहिणारा 'त'साठी टीएच लिहितो, म्हणजे तो 'ट'पासून वेगळा राहतो. मराठी वळणात दोन्हींना टी पुरतो. स्वाती, भारती, कीर्ती, मारुती, सगळ्यांच्या पाठीमागे हा एच फिरत असतो. 'ज्ञानेश्वर' आपण डीएनने सुरू करतो, कन्नड टायपिस्ट जेएनने. 'लक्ष्मण'मध्ये एक्स की केएस, 'यल्लाप्पा'त वायनंतर ए की ई, 'दत्तात्रय'चा शेवट कसा, प्रत्येक टेबलावर उत्तर निराळे. कोल्हापूरच्या किंवा धारवाडच्या मुलापुढे हा प्रश्न इतक्या टोकाने येत नाही, कारण तिथे शाळा आणि कचेरी एकाच भाषेत चालतात. आपल्याकडे पोर दोन लिप्यांच्या मधून इंग्रजीत जाते.

आता हा एच कुठे अडतो ते पाहा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी आई-वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे असतील, तर नाते सिद्ध करायला जन्मदाखला लागतो आणि पैसे वापरायला संमती असल्याचे पालकांचे पत्र लागते. त्याऐवजी आधार किंवा रेशनकार्ड चालत नाही. तिथला अधिकारी तीन कागद शेजारी ठेवतो : पासपोर्ट, जन्मदाखला, बँकेचे स्टेटमेंट. जन्मदाखल्यावर मुलीचे नावच नसेल आणि वडील 'मारुती यल्लाप्पा', तर बँकेत 'एम. वाय. पाटील' असतील, तर खात्यात कितीही रक्कम असली तरी ती या मुलीच्या बापाची आहे हे कागदावरून ठरत नाही. अमेरिकेच्या बाबतीत वेगळी गंमत. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळे नाव एकाच रकान्यात कोंबलेले असेल, तर ते आख्खे नाव आडनाव म्हणून धरले जाते आणि नावाच्या जागी 'नाव माहीत नाही' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे छापून येतात. मग तिथल्या बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत ती अक्षरे पोराचा पाठलाग करतात.

दुरुस्तीला क्रम आहे. आधी दहावीची गुणपत्रिका, मग आधार, मग पासपोर्ट. बहुतेक घरांत नेमके उलटे होते, कारण पासपोर्टची घाई असते. दहावीवरची दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे जाते आणि तिला जनरल रजिस्टरचा उतारा लागतो. त्यात वेळ जाणार असेल आणि फरक एका-दोन अक्षरांचा असेल, तर दहावीला हात न लावता बाकीचे कागद तिच्यासारखे करून घेणे शहाणपणाचे. मात्र आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. पहिली संधी शाळेत असतानाच वाया गेलेली असते, हे लक्षात ठेवून दुसरी वापरावी.

'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र केले की काम झाले, असा समज आहे. ते पूरक कागद म्हणून उपयोगी आहे, मूळ दुरुस्तीच्या ऐवजी नाही. आणि तेही करायचे तर नावाची सगळी रूपे त्यात हवीत, कोणते रूप कोणत्या कागदावर, त्या कागदाचा क्रमांक आणि तारीख काय, अशी. वकिलांकडचा तयार मसुदा दोनच रूपांवर थांबतो. तिसरे रूप पदवी प्रमाणपत्रावर बसलेले असते, आणि तेच विचारले जाते.

जन्मदाखल्याविषयी, जिल्हाधिकारीसाहेब, तुमच्याकडे थेट मागणे आहे. नाव नसलेल्या नोंदीत नाव घालायला नियमाने पहिल्या बारा महिन्यांत शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. परदेशी जाणारे पोर एकवीस-बावीस वर्षांचे असते. निबंधक नियम दाखवतो आणि पालक परत फिरतो. ज्यांचा जन्मच नोंदलेला नाही त्यांचा मार्ग २०२३ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून जातो, म्हणजे तुमच्याच दारातून. पण पंधरा वर्षे उलटलेल्या कोऱ्या रकान्याचे काय करायचे, याची लेखी सूचना ग्रामपंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत प्रत्येक निबंधकाच्या टेबलावर एकसारखी असायला हवी. आज एका तालुक्यात होते ते शेजारच्या तालुक्यात होत नाही. आणि नाव घालताना इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवरून घ्यावे. ऐकून लिहू नये. यासाठी नवा नियम नको, अर्जासोबत गुणपत्रिकेची प्रत जोडून घेतली की झाले.

भाषांतर हा दुसरा खड्डा. कन्नड किंवा मराठी कागद इंग्रजी भाषांतराशिवाय बाहेर चालत नाही, आणि ब्रिटनला त्या भाषांतरावर चार गोष्टी हव्या असतात : हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव व सही, आणि त्याचा संपर्क. आपल्याकडे होते असे : झेरॉक्सच्या दुकानात कोणीतरी टाइप करतो, नोटरी लाल गोल शिक्का मारतो, आणि कागदावर भाषांतर करणाऱ्याचा मागमूस नसतो. नोटरीचा शिक्का सही खरी असल्याचे सांगतो, कन्नड बरोबर वाचल्याचे नाही. शिक्का जितका मोठा तितका कागद पक्का, हा आपला जुना भ्रम आहे. जिल्हा प्रशासनाने कन्नड-इंग्रजी आणि मराठी-इंग्रजी भाषांतरकारांची एक यादी जाहीर करावी, तालुक्याला निदान दोन. त्यांचा दर ठरवावा. भाषांतरात गोल शिक्क्यातला मजकूर आणि हाताने लिहिलेले शेरेसुद्धा आले पाहिजेत, हे त्यांना एकदा बसवून सांगावे.

बेलगाम की बेळगावी, या इंग्रजी नावाच्या प्रश्नावर फार घाबरू नये. १ नोव्हेंबर २०१४ पासून राज्यातल्या बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली, हे सर्वज्ञात आहे. अर्जात जन्मस्थळ पासपोर्टवर छापले आहे तसेच लिहावे, इतकेच.

आता पैसा. इथे आम्हाला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण या भागातला पैसा कसा येतो हे बाहेरच्या अधिकाऱ्याला कळत नाही आणि आपण ते कागदावर सांगत नाही.

ब्रिटनला लंडनबाहेरच्या विद्यापीठासाठी ११ नोव्हेंबर २०२५ पासून महिना १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड आणि पहिल्या वर्षाची उरलेली फी एवढे पैसे सलग २८ दिवस खात्यात लागतात. अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेच्या मागे ३१ दिवसांच्या आत पडला पाहिजे. या २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी नव्याने. आणि ती जाते कशाने? पीककर्जाचा हप्ता आपोआप कापला जातो, किंवा वडील ट्रॅक्टरचे डिझेल त्याच खात्यातून भरतात. म्हणून हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि पौंडाचा दर हलतो म्हणून थोडे जास्त ठेवावेत. काका-आजोबांच्या खात्यातले पैसे तिथे धरत नाहीत. एकत्र कुटुंबात 'पैसे घरातलेच आहेत' हे आपल्याला पटते, नियमाला नाही. ते मुलाच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात आणून मग २८ दिवस मोजावेत.

जर्मनीचे सोपे वाटते : सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो मुलाच्या नावे गोठवलेल्या खात्यात भरायचे, महिन्याला ९९२ युरो सुटतात. पण पैसे बापाच्या खात्यातून जातात, आणि तालुक्याच्या लहान शाखेला परदेशी रक्कम पाठवायचा सराव नसतो. फॉर्म मुख्य शाखेकडे जातो, तिथून एखाद्या शंकेसाठी परत येतो, आणि आठवडा मोडतो. कॅनडासाठी १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्याला फी व प्रवासखर्च सोडून २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आणि तिथे पैसे कुठून आले हेही पाहतात.

हाच प्रश्न उसाच्या बिलाचा. चिकोडी-अथणीकडच्या खात्यात वर्षभर किरकोळ उलाढाल आणि हंगामात एकदम मोठी जमा, हे चित्र आपल्याला रोजचे आहे. दूर बसलेल्याला वाटते, कुणाकडून तरी उसने आणून टाकले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. यावर उपाय कारखान्याच्या शेती खात्याकडे आहे : लेटरहेडवर इंग्रजीत एक पान. सभासद क्रमांक, सर्व्हे नंबर, गेलेले टन, दर, तोडणी-वाहतूक आणि सोसायटीची कपात, हातात आलेली रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि खाते क्रमांक, अशी गेल्या तीन हंगामांची. त्यातली रक्कम स्टेटमेंटमधल्या जमेशी रुपयापर्यंत जुळली की शंका मिटते. वजनाच्या पावत्यांचा गठ्ठा जोडून उपयोग नाही, तो कोणी उलगडत बसत नाही. साखर कारखान्यांच्या व्यवस्थापनांना जिल्हाधिकाऱ्यांनी असा एक नमुना पाठवला, तर शेकडो घरांचे काम होईल.

ठेव कुठे आहे, हेही पाहावे. सौहार्द सहकारी संस्था, पतसंस्था, मल्टिस्टेट सोसायट्या आपल्या भागात पावलोपावली आहेत आणि व्याज थोडे जास्त मिळते म्हणून लग्नाचा-शिक्षणाचा पैसा तिथेच असतो. पण या संस्था बँका नव्हेत, त्यांच्यावर सहकार निबंधकांचा कायदा चालतो, रिझर्व्ह बँकेचा बँक परवाना त्यांच्याकडे नसतो. त्यांच्या ठेवपावतीवर व्हिसाची फाईल उभी करणे म्हणजे वाळूवर भिंत. अर्जाच्या तीन महिने आधी पैसे बँकेत आणा. मुदतपूर्व मोडताना व्याज कापले जाईल, ते सोसा.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला चाळीस-पन्नास हजारांचा असतो. कर्नाटकात तो पाच वर्षे चालतो. त्याच घराचे उत्पन्न व्हिसासाठी सनदी लेखापालाच्या पत्रात बारा लाख होते. एकाच चुलीचे दोन आकडे एकाच फाईलमध्ये गेले तर अधिकाऱ्याने कोणावर विश्वास ठेवायचा? तहसीलदारसाहेब, पहिला आकडा कसा ठरतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पालकांनी मागितले म्हणून लिहिला, हे उत्तर आपल्यात चालते, बाहेर चालत नाही.

जमिनीचे मूल्यांकन जोडण्याची हौस सोडावी. चार एकर बागायतीची किंमत कोटीत लिहिलेली असली तरी ती विकून पुढच्या महिन्यात फी भरता येत नाही, म्हणून ती निधीत धरली जात नाही. बँकेतही तेच : साडेसात लाखांच्या वरच्या शिक्षणकर्जाला साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन २००२ च्या सरफेसी या कर्जवसुली कायद्याच्या कलम ३१(आय)मुळे त्या कायद्याखाली वसूल करता येत नाही, म्हणून बँका ती नाकारतात. पालक महिनाभर पहाणीचे (सातबारासारखे) उतारे आणि बोजा-दाखले गोळा करतात आणि शेवटी हे कळते. शाखाधिकाऱ्यांनी ते पहिल्या भेटीतच सांगावे. घर तारण द्यायचे असेल तर आजोबांच्या नावावरच राहिलेला उतारा आधी वारसा नोंद करून घ्यावा, मगच वकिलाच्या अभिप्रायाकडे जावे.

बँकेच्या पत्राचे म्हणाल तर त्यावर खातेदाराचे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, खाते क्रमांक, तारीख, शिल्लक, शाखेचा चालू असलेला फोन आणि सही करणाऱ्याचे नाव-हुद्दा हवा. हाताने भरलेले पासबुक नको. कर्जमंजुरीच्या पत्रात विद्यार्थ्याचे नाव हवेच. फक्त वडिलांच्या नावाने निघालेले पत्र आम्ही परत पाठवतो.

प्राचार्यांना आणि विद्यापीठांना थोडेच सांगायचे आहे. इथल्या महाविद्यालयांची संलग्नता २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाल्यावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडून इकडे आली. त्यामुळे जुन्या विद्यार्थ्याची कागदपत्रे कोणाकडे मागायची, हे कॉलेजच्या ऑफिसात लिहून लावलेले असावे. जर्मनीसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदांची एपीएस तपासणी (कागद खरे असल्याची जर्मन बाजूची पडताळणी) सक्तीची आहे. तिच्यात प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका पाहिली जाते, नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयांसह. पोरे लाजेने जुनी गुणपत्रिका फाडून टाकतात आणि दुसरी प्रत काढायला महिना जातो. जर्मन विद्यापीठांची हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, आणि आपला शेवटच्या सेमिस्टरचा निकाल त्याच्या आसपास रेंगाळतो. निकाल लागला त्या दिवशीच 'पदवीस पात्र' असे पत्र देता आले, तर एक वर्ष वाचते. आणि लेटरहेडवर फुकटातला जीमेल पत्ता व बंद पडलेला लँडलाइन छापू नका. पडताळणीची मेल येते, उत्तर जात नाही, आणि कागद खरा असूनही संशयित ठरतो.

अर्ज कुठे करायचा, याचाही गोंधळ असतो. निपाणीच्या मुलाला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, म्हणून तो मुंबईकडे पाहतो. पण पत्ता कर्नाटकचा असेल तर जर्मनीचा अर्ज बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात जातो. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला ब्रिटनला जाणाऱ्याची क्षयरोग तपासणी ठरावीक मान्यताप्राप्त दवाखान्यांतच होते, बेळगावातला एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. बेंगळुरूला जाणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचे तिकीट काढताना तिथली सगळी कामे एका फेरीत बसवावीत.

शेवटी एका धंद्याविषयी. '२८ दिवस पैसे लावून देतो, टक्का द्या' अशा जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात. खोटा कागद सापडला तर ब्रिटनची दारे दहा वर्षे आणि कॅनडाची पाच वर्षे बंद होतात, एजंटाची नव्हे, मुलाची. पोलिसांनी याकडे पाहावे. आधी मात्र आपल्या खिडक्यांवरून खरा कागद वेळेत मिळू द्या, नाहीतर लोक या दुकानांत जाणारच.

आमच्या बाजूने एवढे करू शकतो. पुढच्या दहावीचे नॉमिनल रोल भरले जातील तेव्हा ज्या मराठी माध्यमाच्या शाळेचे मुख्याध्यापक बोलावतील, तिथे आम्ही दोघे-दोघे येऊ. जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून प्रत्येक मुलाचे स्पेलिंग त्याच्याकडून वहीत लिहून घेऊ, पालकांची सही घेऊ आणि मगच ते संगणकात चढू देऊ. चाळीस मुलांच्या वर्गाला एक दुपार लागते.

आपले,
विद्यार्थ्यांच्या व्हिसा कागदपत्रांची तपासणी करणारे कार्यकर्ते
बेळगाव, खानापूर, निपाणी